मदत हवी आहे : मुलांचा निष्कर्ष चुकला, तर शिक्षकाने केव्हा बोलावे?

सर्व शिक्षक बंधू-भगिनींना नमस्कार. मी जालना जिल्ह्यातील एका शाळेत सहावीला विज्ञान शिकवतो. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ आल्यापासून ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलांनी आपल्या अनुभवातून स्वतःच ज्ञान घडवावे हा विचार, आपण प्रशिक्षणांत ऐकत आलो आहोत. वर्गात मात्र तो असा अडतो.

‘कोणती माती पाणी धरून ठेवते?’ हा प्रश्न देऊन मी मुलांना बाटल्या कापून, तोंडाला फडके बांधून, एकीत मुरूम व दुसरीत काळी माती भरायला लावली आणि दोन्हींत पेलाभर पाणी ओतायला सांगितले. एका गटाने भेगाळलेल्या रानातली सुकी ढेकळे तशीच भरली, त्यामुळे पाणी फटींतून सरळ खाली आले आणि त्यांनी वहीत लिहिले, ‘काळ्या मातीत पाणी टिकत नाही.’ (शेतकऱ्यांचीच लेकरे ही!) ती माती भिजली की फुगते आणि फटी बुजतात, हे सांगायचा मोह मी आवरला, तोच तास संपला.

अशा वेळी उत्तर सांगून टाकावे, की दुसऱ्या दिवशी तीच ढेकळे पुन्हा भिजवायला लावावीत? पस्तीस मिनिटांच्या तासिकेत आपण हे कसे बसवता, आणि नेहमीच्या चार मुलांखेरीज इतरांना प्रश्न विचारायला कसे लावता, हे कृपया अनुभवासह कळवावे.