महिन्याला दीडशे पाने छापायची आहेत, पण शाई परवडत नाही

प्रश्न (चिपळूण)

नमस्कार. मी चिपळूणला घरी पाचवी ते आठवीच्या मुलांची शिकवणी घेते. स्वाध्यायपत्रिका, सराव प्रश्नपत्रिका आणि कोरे आराखडा-नकाशे मिळून महिन्याला साधारण १५० पाने छापावी लागतात. दोन वर्षांपूर्वी साडेचार हजारांचा इंकजेट प्रिंटर घेतला. त्याचे काळे कार्ट्रिज ९०० रुपयांना पडते. डबीवर १२० पाने लिहिलेली असतात. मी वहीत मोजून नोंद ठेवली, तर ९०च निघाली. म्हणजे कागद सोडून पानाला १० रुपये झाले, आणि पाच कार्ट्रिजांत प्रिंटरची पूर्ण किंमत गेली. जवळचे झेरॉक्सवाले पानाला ३ रुपये घेतात, परंतु माझी पत्रिका रात्री दहाला तयार होते आणि पहिली तुकडी सकाळी सातला येते. पालकांकडून छपाईचे वेगळे पैसे मागणे मला पटत नाही. मे महिन्यात शिकवणी बंद असल्याने प्रिंटरही महिनाभर बंद राहतो. अशा वापरासाठी काय घ्यावे?

उत्तर १ (पुणे)

ताई, आपण पाने मोजलीत हे फार चांगले केले, कारण बहुतेक जण मोजतच नाहीत. डबीवरचा आकडा प्रमाणित चाचणीतून येतो आणि त्या चाचणीतल्या पानावर शाई साधारण पाच टक्केच जागा व्यापते. आपली गच्च भरलेली प्रश्नपत्रिका त्यापेक्षा पुष्कळ जास्त शाई खाते. शिवाय प्रिंटर दर वेळी सुरू होताना छपाईचे हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, साफ करतो. त्या सफाईत जाणारी शाईही आपल्याच पैशांची असते.

माझ्याकडे शाईच्या टाकीचा प्रिंटर आहे. बाहेरून टाक्या जोडून भरपूर छपाई करण्याची पद्धत इंडोनेशियात लोकांनी स्वतःच रुळवली होती. ती पाहून एप्सनने २०१० मध्ये तिथेच कंपनीची टाकी असलेला प्रिंटर आणला, आणि नंतर कॅनन, ब्रदर, एचपी यांचेही तसे प्रिंटर आले. माझ्या प्रिंटरला एप्सनची ००३ क्रमांकाची काळी शाई लागते. बाटली ६५ मिलीलिटरची असते, तिच्यावर ४,५०० पाने लिहिलेली असतात आणि मी मागच्या वेळी तिला सुमारे ४०० रुपये दिले. प्रत्यक्षात निम्मी पाने निघतात असे धरले, तरी शाईचा खर्च पानाला २० पैशांच्या आत राहतो.

मात्र हा प्रिंटर १२,००० रुपयांच्या आसपास मिळतो, म्हणून हिशेब दोन्ही बाजूंनी करावा. आपल्या सध्याच्या खर्चाशी तुलना केली, तर पानामागे जवळजवळ ९ रुपये ८० पैसे वाचतात आणि साधारण आठ-नऊ महिन्यांत पैसे वसूल होतात. झेरॉक्सच्या ३ रुपयांशी तुलना केली, तर शाई व कागद मिळून ८० पैसे धरता पानाला २ रुपये २० पैसेच वाचतात, आणि १२,००० रुपये भरून निघायला सुमारे साडेपाच हजार पाने, म्हणजे आपल्या वेगाने तीन वर्षे लागतात. रात्रीची सोय आपल्याला किती मोलाची वाटते, त्यावर निर्णय अवलंबून आहे.

उत्तर २ (कोल्हापूर, प्रिंटर दुरुस्तीचा व्यवसाय)

वरचा हिशेब बरोबर आहे. मला काळजी आहे ती मे महिन्याची. आपल्या सध्याच्या प्रिंटरमध्ये, बहुतेक छोट्या कार्ट्रिजच्या प्रिंटरप्रमाणे, हेड कार्ट्रिजवरच असते, त्यामुळे ते सुकले तर कार्ट्रिज बदलून भागते. टाकीच्या बऱ्याच प्रिंटरमध्ये हेड मशीनमध्ये असते. महिनाभर एकही पान काढले नाही, तर शाई हेडच्या बारीक छिद्रांत सुकते, चाचणीच्या पानावर मधल्या रेघा गायब दिसतात आणि वारंवार सफाई करूनही उघडले नाही, तर हेडचा खर्च मोठा येतो. टाकीचा प्रिंटर घेतलात, तर सुट्टीतही आठवड्याला एक चार रंगांचे पान काढा. प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने कधीही बंद करू नका. त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला, तरच हेड टोपीखाली जाऊन बसते.

आपले नकाशे कोरे आराखडे आहेत, म्हणजे रंगाची गरज नाही. मी आपल्याला कृष्णधवल लेझर प्रिंटर घेण्यास सांगेन. त्यात शाईऐवजी टोनर ही कोरडी पूड असते, त्यामुळे ती मे महिन्यात सुकत नाही. १२ए हे आमच्याकडे सर्वाधिक येणारे टोनर कार्ट्रिज २,००० पानांचे असते; आपल्या गच्च पानांवर १,४०० धरा. पूड भरून द्यायला मी ३०० रुपये घेतो, म्हणजे पानाला २० पैशांच्या आसपास खर्च येतो. तीन-चार वेळा भरल्यावर आतला ड्रम, म्हणजे कागदावर पूड उमटवणारा गोल दांडा, बदलावा लागतो, हे आधीच सांगून ठेवतो. आणखी एक अडचण म्हणजे तापताना लेझर प्रिंटर क्षणभर ८०० ते १,००० वॅटपर्यंत वीज ओढतो, त्यामुळे घरच्या लहान इन्व्हर्टरवर तो चालवू नये.

उत्तर ३ (रत्नागिरी)

पावसाळ्यात कागदाचे रीम उघडे ठेवू नका. आमच्याकडे जुलैत ओलसर कागद दोन-दोन एकदम ओढले जातात किंवा आतच अडकतात. उघडलेले रीम घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्यापासून हा त्रास थांबला.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. रंगाची गरज नाही, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. येथे एका कार्यालयातला जुना लेझर प्रिंटर ५,००० रुपयांना मिळतो आहे. घेण्यापूर्वी काय पाहावे?

उत्तर २ (कोल्हापूर)

प्रथम माहितीचे पान काढा. बहुतेक मॉडेलांत आजवर किती पाने निघाली ते त्यावर छापून येते. मग आपलीच एक प्रश्नपत्रिका दहा वेळा काढा. पानावर तोच डाग सुमारे ७५ मिलिमीटर अंतराने पुन्हा दिसला, तर १२एसारख्या कार्ट्रिजचा ड्रम खराब आहे, आणि तो बदलता येतो. शेवटचे पान गरम असतानाच अक्षरांवरून अंगठा दाबून फिरवा. पूड अंगठ्याला लागली, तर ती पक्की करणारा भाग गेलेला असण्याचा संभव आहे, आणि तसे असेल तर ५,००० रुपयांना तो प्रिंटर घेऊ नका.