दुखत नसली तरी एक्स-रे काढून बघा
'अक्कलदाढ दुखत नाही ना, मग हात लावू नका' असं वर दोघांनी लिहिलंय, ते मला अर्धंच पटलं. नुसती हाडात अडकलीये म्हणून सरसकट काढू नये हे बरोबरच, ब्रिटनमध्ये तर २००० सालापासून तशी अधिकृत सूचनाच आहे. पण दुखत नाही म्हणजे सगळं ठीक असं नसतं हो. माझी खालची उजवी आडवी होऊन शेजारच्या दाढेला टेकलेली, कधी ठणकली नाही की सुजली नाही, आणि ओपीजी (म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे) काढला तेव्हा कळलं की फटीत अन्न अडकून अडकून पुढची चांगली दाढच मागच्या बाजूने किडलीये, जिथे ब्रश पोचतच नाही. अक्कलदाढ गेली त्याचं काही नाही, पण पुढचीचं रूट कॅनल करावं लागलं याचं फार वाईट वाटलं.

आणि दाढ काढताना नसेला धक्का लागून ओठ कायमचा बधिर होईल म्हणून जे घाबरलेत त्यांनी डॉक्टरांना कोरोनेक्टॉमीबद्दल नक्की विचारा. खालच्या जबड्यातली नस मुळांना अगदी चिकटून असेल तर फक्त दाढेचा वरचा भाग कापून काढतात, मुळं तशीच आत ठेवतात, म्हणजे नसेला धक्का लागायचा धोका बराच कमी होतो. दाढ खूप किडलेली किंवा हलत असेल तर मात्र हे करत नाहीत. नस नक्की कुठून जाते ते साध्या एक्स-रेत नीट कळलं नाही तर सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) करायला सांगतात, तेव्हा उगाच खर्च म्हणून टाळू नका.