बाबांचा स्पेक्ट्रम प्लस: पाच बटणं मेलेली, कॅसेट लोड होत नाही. २,००० रुपयांत काय करता येईल?

रामबागची_लेक (इंदूर)
नमस्कार मंडळी. माळा आवरताना बाबांचा जुना कॉम्प्युटर सापडला, पुण्याच्या डेसिबेल्सचा डीबी स्पेक्ट्रम प्लस. मूळ अडॅप्टर, बाबांचा टेपरेकॉर्डर आणि कॅसेटीही खोक्यातच होत्या. घरच्या जुन्या टीव्हीला जोडला तर मूळ स्पेक्ट्रम बनवणाऱ्या सिंक्लेअर रिसर्च कंपनीची १९८२ सालची ओळ लगेच उमटली. पण दोन अडचणी आहेत. क्यू ते टी ही पाच बटणं अजिबात चालत नाहीत. आणि कॅसेट लावली की थोडा वेळ पट्टे दिसतात, मग 'आर टेप लोडिंग एरर'.

बाबा तबला वाजवतात. रियाझाला पेटीवाला मिळायचा नाही म्हणून त्यांनी बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेत बीप कमांड वापरून तीनतालाचा लहरा (तबल्यासोबत पुन्हा पुन्हा वाजणारी धून) बसवला होता, लय कमी-जास्त करता येणारा. तो त्यांना पुन्हा ऐकवायचा आहे. बजेट २,००० रुपये, त्याहून जास्त नाही. कुठून सुरुवात करू?

सिल्व्हरमॉल_वारी (इंदूर)
ताई, दोन हजारांत काहीच होत नाही. आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये जा, अठरा-वीस हजारांत चांगला रिफर्बिश्ड लॅपटॉप मिळतो. मी तिथूनच घेतला, आजवर एक तक्रार नाही. त्यावर फ्यूज नावाचा एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, फुकट बसतो, त्यात अख्खा स्पेक्ट्रम चालतो. जुन्या यंत्रात पैसे घालू नका.

लष्करवाला (ग्वाल्हेर)
सर्वात आधी एक सांगतो. अडॅप्टर बदलू नका! स्पेक्ट्रमच्या अडॅप्टरची पिन उलटी असते, म्हणजे मध्ये निगेटिव्ह आणि बाहेर पॉझिटिव्ह. हल्लीचे राउटरचे अडॅप्टर नेमके याच्या उलट. माझ्या मामेभावाने पिन बसते म्हणून राउटरचा खोचला आणि बोर्ड गेला, परत उठलाच नाही. मूळ अडॅप्टरवर ९ व्होल्ट लिहिलेलं असतं, पण मोकळा मोजला तर मीटर बारा-तेरा दाखवतो. तो बिघाड नव्हे, घाबरून फेकू नका.

मांडवीकर (बडोदा)
वा! वाचून शाळा आठवली. आमच्याकडे १९८४ च्या सरकारी क्लास प्रकल्पातले बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर आले होते. चपला बाहेर काढून खोलीत जायचं, एका कीबोर्डाभोवती चार जण. खरा कॉम्प्युटर तो. स्पेक्ट्रम हा मुलांच्या खेळांसाठी होता.

लष्करवाला (ग्वाल्हेर)
मांडवीकर, हे मान्य नाही. बीबीसी मॉडेल बीला ३२ के रॅम, स्पेक्ट्रमला ४८ के. सरकारने शाळेत दिला म्हणून चांगला, असं नसतं. घरात विकत घेऊन लोक याच्यावरच शिकले.

मांडवीकर (बडोदा)
रॅमवर काय जाता? कीबोर्ड बघा! बीबीसीला खरी बटणं होती. ताईंची बटणं का मेली, ते ओघानं आलंच.

लहरा_प्रेमी (इंदूर)
मोबाइलवर लहऱ्याची कितीतरी ॲप आहेत, सारंगीचा आवाजसुद्धा मिळतो. मी रोज वापरतो. बीपच्या आवाजावर कोण रियाझ करणार? बाबांना एक चांगला ब्लूटूथ स्पीकर घेऊन द्या.

फीतवाला_काका (इंदूर)
ताई, लॅपटॉप आणि स्पीकर राहू द्या बाजूला. 'आर टेप लोडिंग एरर' आला की नव्वद टक्के वेळा कॉम्प्युटर चांगला असतो, दोष टेपरेकॉर्डरचा असतो.

पहिलं काम, कॅसेटच्या मागच्या कडेच्या दोन चिमुकल्या प्लास्टिकच्या खिट्ट्या बघा. शाबूत असतील तर मोडून टाका. म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी बाबांचा प्रोग्राम पुसला जाणार नाही. मग फीत उजेडात धरा. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी, अशी कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये अजिबात घालू नका, हेड घाण होतं आणि पुढची चांगली कॅसेटही बिघडते. फितीच्या मागे हेडसमोर एक छोटी फेल्टची गादी असते, ती गळून पडली असेल तर आवाज दबतो.

आता टेपरेकॉर्डर. इतकी वर्षं पडून त्याचा रबरी बेल्ट ढिला होतो नाहीतर डांबरासारखा चिकट होतो. वेग डुलला की लोडिंग गेलं. महाराणी रोडला जुन्या रेडिओ-टेपच्या दुकानात विचारा, बेल्ट स्वस्तात मिळतो. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, वाळू द्या. तरीही एरर आला तर हेडशेजारचा बारीक स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवायचा आणि कॅसेटचा कर्कश आवाज कानानं ऐकायचा. जिथं तो सर्वात धारदार, तिथं थांबायचं. तबलजींचा कान आहे, हे काम बाबांनाच द्या.

टीव्हीवरच्या चित्राच्या बॉर्डरकडे लक्ष ठेवा. आधी लाल-आकाशी जाड पट्टे, मग निळे-पिवळे बारीक. लाल-आकाशी येऊन निळे-पिवळे आलेच नाहीत तर बहुतेक आवाज कमी आहे. निळे-पिवळे येऊन मध्येच एरर आला तर हेड, वेग किंवा फीत. बास-ट्रेबल असेल तर ट्रेबल वाढवा.

सिल्व्हरमॉल_वारी (इंदूर)
म्हणूनच म्हणतो, कॅसेट लॅपटॉपवर रेकॉर्ड करून घ्या आणि फ्यूजमध्ये चालवा. एवढी खटपट कशाला?

पाटणकर_सर्किट (बडोदा)
रेकॉर्ड करून घ्या, हे मीही म्हणेन. फीत दर वेळी झिजते. डब्ल्यूएव्ही फाइल करा, एमपी३ नको. तीच फाइल मोबाइलवरून पूर्ण आवाजात इअर सॉकेटला दिली तरी खरा स्पेक्ट्रम लोड करतो.

बटणांबद्दल कुणी नीट बोललंच नाही. क्यू डब्ल्यू ई आर टी हा अर्ध्या ओळीचा एक गट आहे, पाचही बटणं एकाच तारेवर. पाच एकदम गेली म्हणजे आतल्या मेम्ब्रेनच्या (बटणांखालच्या पातळ प्लास्टिकच्या पडद्याच्या) पट्टीला तडा. मेम्ब्रेन उष्णतेनं ठिसूळ होतं. दोन पट्ट्या असतात, एक पाच तारांची आणि एक आठ तारांची. तुमची आठवाली गेली आहे. तडा टोकाजवळ असेल तर टोक दोन-तीन मिलिमीटर सरळ कापून परत सॉकेटमध्ये घालता येतं, खर्च शून्य. झाकण उघडताना झटका देऊ नका, दुसरी पट्टीही तुटेल. कापून जमलं नाही तर नवं मेम्ब्रेन इंग्लंडहून मागवायचं, पंधरा-वीस पौंड, वर टपाल आणि कस्टम.

चालू झाल्यावर रॅमही तपासा. प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३ असं टाइप करा. स्पेक्ट्रमवर असे शब्द एकेका बटणानं अख्खे उमटतात, त्यामुळे मेलेली बटणं लागत नाहीत. ६५५३५ आलं तर ४८ के शाबूत.

लष्करवाला (ग्वाल्हेर)
आणि अडॅप्टर बदलू नका.

नवीन_सभासद
बाबांनी प्रोग्रामचं लिस्टिंग, म्हणजे त्याच्या सगळ्या ओळी, कागदावर लिहून ठेवलंय का?

लहरा_प्रेमी (इंदूर)
तीनतालाचं ॲप हवं असेल तर लिंक देतो.

रामबागची_लेक (इंदूर)
सर्वांचे मनापासून आभार. पाटणकरसाहेब, पट्टी कापून बघितली. तडा बराच वर आहे, नाही जमलं. रॅमचं उत्तर मात्र ६५५३५ आलं! नवीन_सभासद, तुमच्या प्रश्नावर बाबांनी कपाटातून वही काढली. त्यात प्रोग्रामची ओळ न् ओळ त्यांच्या हस्ताक्षरात आहे, बीपपुढचे सूर मार्जिनमध्ये सा रे ग म करून लिहिलेत.

ठरलं असं. कॅसेट सध्या वाजवायच्याच नाहीत, ना टेपमध्ये ना रेकॉर्डिंगसाठी. फ्यूजही नको. नवं मेम्ब्रेन मागवते आहे, वरचे पैसे दादा देतोय, आणि प्रोग्राम बाबा स्वतः पहिल्या ओळीपासून टाइप करणार. त्यांना त्याच बटणांवर बोटं चालवायची आहेत. लहरा_प्रेमी, ॲप खरंच चांगली आहेत, पण हा लहरा त्यांनी बसवलेला आहे.

सिल्व्हरमॉल_वारी (इंदूर)
कॅसेटची रेकॉर्डिंग तरी करून ठेवा. वहीत नसलेलं काही निघू शकतं.

फीतवाला_काका (इंदूर)
मलाही वाटतं रेकॉर्डिंग करावी, पण तुमचं ठरलंय तर ठीक. वहीचे फोटो आजच काढा. प्रोग्राम टाइप झाला की नव्या कोऱ्या कॅसेटवर दोनदा सेव्ह करा आणि सेव्ह करताना इअरची पिन काढून ठेवा, फक्त माइकची लावा. दोन्ही एकदम लावल्या तर बऱ्याच टेपरेकॉर्डरवर आवाज घुमतो आणि सेव्ह झालेलं परत लोड होत नाही. टेपचा बेल्ट त्याआधी बदलाच.