कॉफीच्या दुकानात आपल्या माणसानं ओशाळं का व्हावं?

पैठणकर
मागच्या आठवड्यात वडिलांना तपासणीसाठी संभाजीनगरला आणलं होतं. रिपोर्टला दोन तास होते, म्हणून एका मोठ्या साखळीच्या कॉफीच्या दुकानात बसलो. यादी सगळी इंग्रजीत, मापांची नावं परकी, वर कपावर गिऱ्हाईकाचं नाव लिहायचा थाट. वडिलांनी सगळ्यात कमी किमतीवर बोट ठेवलं. आली एस्प्रेसो: दोन घोट, काळी, बिनदुधाची. "जरा दूध टाकता का?" म्हणाले, तर काउंटरवरचं पोरगं शेजारच्याकडं बघून हसलं. बैलबाजारात भल्याभल्या दलालांना न दबणारा माणूस कप तसाच ठेवून उठला. हे मला सहन होईना. यादीत दुधाच्या कॉफीला 'लाते' म्हणतात; इटालियनमध्ये 'लाते' म्हणजे नुसतं दूध. एवढं साधं असून त्याचा बडेजाव करायचा आणि ज्याला ठाऊक नाही त्याला अडाणी ठरवायचं, हा माजच आहे.

लातूरची लेक
दादा, वडिलांचं वाचून वाईट वाटलं, पण सगळ्याच दुकानांना नावं ठेवू नका. नीटच्या तयारीला दोन वर्षं लातुरात होते. एका खोलीत चौघी. चहाच्या टपरीवर पोरी उभ्या राहिल्या की सगळ्या माना वळायच्या. कॅफेत एका कॉफीवर तीन तास पुस्तक उघडून बसता यायचं, बाथरूम स्वच्छ, कुणी हटकायचं नाही. जास्तीचे पैसे मी त्याचेच दिले. तुमच्या टपरीनं आम्हाला बाकावर जागा कधी दिली?

पैठणकर
ताई, टपरीबद्दल तुमचं खरंय. मी कधी त्या बाजूनं बघितलं नव्हतं.

परभणीचा पाहुणा
मला नाही पटत. प्रत्येक धंद्याची बोली असते. बाहेरच्या माणसाला आपल्याकडचं 'हाफ', म्हणजे अर्धा कप चहा, तरी कुठं कळतं? विचारायचं अन् शिकायचं.

पैठणकर
टपरीवाला विचारलं तर सांगतो. हसत नाही.

काउंटरमागचा
अशाच एका साखळीत दीड वर्ष काम केलंय. कपावर नाव लिहिणं हा थाट नाही. दहा कप एकदम लागले की कुणाचा कुठला कळत नाही. मापांबद्दल मात्र मी तुमच्या बाजूनं. स्टारबक्सचंच बघा: टॉल ३५४ मिली, ग्रान्दे ४७३, गरम पेयाची व्हेंटी ५९१. व्हेंटी म्हणजे इटालियनमध्ये वीस, कारण माप २० औंसाचं. लहान, मध्यम, मोठा म्हटलं तर काय बिघडतं? आणि तो पोरगा हसला ते चूकच. एस्प्रेसो मागणाऱ्याला "ही छोटी, कडू, बिनदुधाची असते, चालेल ना?" असं आधी विचारायलाच पाहिजे.

उदगीरकर
आमच्याकडून बिदर जवळ. देशातली सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात पिकते, चिकमगळूर अन् कोडगूच्या डोंगरात. बी शेजारच्या राज्यातलं, पिणारा मराठवाड्यातला, अन् पाटीवर ना कन्नड ना मराठी. याचा मला पैठणकरांपेक्षा जास्त राग येतो.

पैठणकर
पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी आहे. वडिलांना त्याच दुकानात नेणार. मॅनेजरला आधीच भेटून सांगणार, की प्रत्येक नावाखाली मराठीत एक ओळ लिहा: दूध किती, कडू किती, कप केवढा.