‘डॉक्युमेंटरी’ फोटोला काय म्हणता?

काठपदर: एका प्रदर्शनाची पुस्तिका भाषांतरित करतेय. ‘डॉक्युमेंटरी फोटोग्राफी’ला मी ‘दस्तऐवजी छायाचित्रण’ लिहिलं. संपादकबाईंनी खोडून ‘माहितीपर’ केलं. का, तर माहितीपट असतो ना, म्हणून! चित्र आहे अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिया लँगचं, १९३६चं: गालाशी हात नेलेली आई, तिच्या दोन्ही खांद्यांआड तोंड लपवलेली मुलं. यात माहिती कुठली? त्या बाईचं नावसुद्धा लँगनं विचारलं नव्हतं, ते जगाला कळलं १९७८ साली.

तिरकी मात्रा: दस्तऐवज म्हटलं की मला खरेदीखत दिसतं. दस्त अधिक ऐवज, म्हणजे पैशाअडक्याचा कागद. फोटोला कसा चालेल?

जुनी निगेटिव्ह: फोड चुकली हो. फारसी ‘दस्त-आवेझ’ आहे तो. दस्त म्हणजे हात. हाताशी धरायचा आधार. ऐवज अरबीतून आला, त्याचा इथं संबंध नाही.

तिरकी मात्रा: आपण सगळे ‘ऐवज’ असंच म्हणतो. मग मराठीत फोड तीच.

काठपदर: हातावरून आठवलं. त्या चित्रात उजवीकडे खाली, तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठा होता. लँगनं तो नंतर निगेटिव्हवर पुसून घेतला. नीट पाहिलं तर धुरकट डाग अजून दिसतो. ती ज्या सरकारी प्रकल्पासाठी फोटो काढत होती, त्याचे प्रमुख रॉय स्ट्रायकर यांना ते मुळीच रुचलं नाही.

पायरीवर: रीटचिंगला ‘हात फिरवणे’ म्हणावं. इथं तर हात फिरवून हातच घालवला!

जुनी निगेटिव्ह: छायाचित्रकार वॉकर एव्हान्सचं म्हणणं मला पटतं. खरा दस्तऐवज म्हणजे खुनाच्या जागेचा पोलिसी फोटो, त्याचा काही उपयोग असतो. कलेचा तसा नसतो, ती फार तर ती धाटणी उचलते. म्हणून ‘दस्तऐवजी शैली’ लिहा. शैली शब्द गाळू नका.

तिरकी मात्रा: मुळात ‘छायाचित्र’च चुकीचं. फोटो म्हणजे प्रकाश. ‘प्रकाशचित्र’ म्हणा.

पायरीवर: आलं पुन्हा! छायाचित्रणाच्या आद्य संशोधकांपैकी एक, टॅलबट, यानं १८३९मध्ये आपल्या शोधाचं वर्णन सावली पकडून ठेवण्याची कला असंच केलं होतं. रसायन लावलेल्या कागदावर झाडाचं पान, लेस ठेवून ऊन पडू द्यायचं. कागद काळा होणार आणि झाकलेली जागा पांढरी राहणार. सावलीचंच चित्र ते.

तिरकी मात्रा: शास्त्रज्ञ जॉन हर्शेलनं त्याच वर्षी ‘फोटोग्राफी’ शब्द रुळवला, त्यात सावली नाही.

जुनी निगेटिव्ह: संस्कृतात छाया म्हणजे कांतीही आणि प्रतिबिंबही. प्राकृत ओळीच्या संस्कृत रूपालाही छायाच म्हणतात. इतका ऐसपैस शब्द सोडून ‘प्रकाशचित्र’ कशाला? दिवाळी अंकाचं नाव वाटतं.

काठपदर: अहो, माझं ‘माहितीपर’ राहिलं की! बाईंचा आत्ताच निरोप आलाय, ‘वास्तवदर्शी’ कसं वाटतं म्हणून.

पायरीवर: अंगठा पुसल्यावरही?