जर्मनीत आईबाबा येताहेत, तब्येतीची काय तयारी ठेवावी?

प्रश्न: दोघं ३ महिने म्युनिकला असतील. बाबांना मधुमेह आणि बीपी. रात्री-अपरात्री काही झालं तर?

उत्तर १: छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, शुद्ध हरपणं: सरळ ११२. जिवावर न बेतलेलं, पण सकाळपर्यंत थांबता येणार नाही असं काही असेल तर ११६११७. ११० पोलिसांचा. आणि दारावरच्या बेलवर तुमचं आडनाव हवंच. तिथे फ्लॅटला बहुधा नंबर नसतो, नाव नसलं की रुग्णवाहिका खालीच घुटमळते.

उत्तर २: औषधांची यादी ब्रँडने नको, तिथे ती नावं कोणी ओळखत नाही. मूळ औषध आणि मिलीग्रॅम लिहा. 'टेल्मा एएम' एक गोळी असली तरी आत दोन औषधं आहेत, टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन; दोन्हींची मात्रा हवी. इन्सुलिन हातातल्या बॅगेत, सामानाच्या कप्प्यात गोठू शकतं.

उत्तर ३: व्हिसाला ३०,००० युरोचा विमा पुरतो, पण स्वस्त पॉलिसीत आधीचे आजार बहुधा वगळलेले असतात. बाबांसाठी नेमकं तेच कलम वाचा. दाखल केल्यावर विमा कंपनीला लगेच कळवा, उशीर झाला की दावा अडतो.