प्रति: फुको लंबकाचा व्हिडिओ

फुको लंबक, म्हणजे पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे झोक्याच्या सरकत्या दिशेवरून दाखवणारा लंबक, त्याचा पोरांसाठी मराठी व्हिडिओ करताना पॅरिसच्या लंबकाचं तयार ॲनिमेशन घेऊन त्यावर मराठी आवाज चढवायचा असं तुम्ही सुचवलंय, ते मला पटत नाही. स्क्रिप्ट आधी आणि चित्रं नंतर, हे तुमचं म्हणणं मात्र एकदम बरोबर. पण फुको या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५१ साली पॅरिसमध्ये ६७ मीटर तारेला २८ किलोचा गोळा टांगला, तिथं झोक्याची दिशा पूर्ण फिरायला साधारण ३२ तास लागतात, आणि हा वेळ अक्षांशाच्या साइनवर (त्रिकोणमितीतलं गुणोत्तर) ठरतो: साधारण २४ तासांना त्या साइननं भागायचं. आपलं सातारा १७.७ अंशावर, साइन जेमतेम ०.३, म्हणजे इथं त्याच फेरीला जवळपास ७९ तास लागणार. पोरांना पॅरिसचा आकडा पाठ करायला लावण्यापेक्षा हा साताऱ्याचा आकडा त्यांच्याकडूनच काढून घ्या, साइन कशासाठी शिकतो ते तिथं कळतं.

आम्ही मागच्या दिवाळीच्या सुट्टीत वाड्याच्या जिन्यात तुळईला पाच किलोचं वजन टांगून शूटिंग केलं होतं. पहिला अख्खा दिवस वाया गेला, कारण हातानं सोडलं की बारीकसा धक्का बसतो आणि लंबक सरळ न जाता लंबगोल फिरायला लागतो, मग काय मोजणार. शेवटी वजन दोऱ्यानं बाजूला बांधून ठेवलं आणि काडीनं दोरा जाळला, फुकोनंही असंच केलं होतं, तेव्हा कुठं झोका सरळ आला. झोक्याची दिशा तासाला साडेचारच अंश सरकते, त्यामुळं कॅमेरा स्टँडवर फिक्स करून टाइमलॅप्सच लावा, आणि जमिनीवर खडूची रेघ सुरुवातीलाच मारून घ्या.